सैतान किंवा डॉक्टर बुल

नमस्कार श्रोतेहो.

आजच्या भाषणासाठी मला विषय दिला गेला तो असा : 'सोळाव्या शतकातील एक युरोपीय वादक-संगीतकार : जीवन आणि कार्य'. वेळ पंधरा मिनिटं. म्हटलं, चालेल. त्या काळातला माझा लाडका माणूस एकच आहे, आणि त्याची माझी लाडकी गोष्टही एकच आहे. ती गोष्ट मी गेली कित्येक वर्षं मिळेल तिथे सांगत आलोय. आमच्या घरात तर मी 'बरं का, एकदा...' एवढं म्हटलं की मंडळी उठून चहा टाकायला जातात. आज तुम्ही रेडिओ बंद केल्याशिवाय सुटका नाही.

माणसाचं नाव जॉन बुल.

थांबा, गैरसमज नको. जॉन बुल म्हटलं की जुन्या श्रोत्यांना व्यंगचित्रातला तो ढेरपोट्या, तांबड्या गालांचा इंग्रज आठवेल. पारतंत्र्यात आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला येता-जाता टोले हाणले. तो हा नव्हे. तो १७१२ साली एका लेखकाच्या टाकातून उतरला. आमचा जॉन बुल हाडामांसाचा, त्याच्या दीडशे वर्षं आधीचा. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पदरी असलेला वादक. पुन्हा सांगतो : व्यंगचित्रातला नाही, राणीच्या दरबारातला.

वाजवायचा काय? ऑर्गन, आणि दुसरं व्हर्जिनल. ऑर्गन तुम्हाला ठाऊक आहे, संगीत नाटकांनी आपल्याला पायपेटी दाखवलीच आहे. चर्चमधला ऑर्गन म्हणजे तिचा भिंतीएवढा थोरला भाऊ समजा. व्हर्जिनल मात्र जरा वेगळं. टेबलावर ठेवण्याजोगी लाकडाची लांबट पेटी. पट्ट्या आपल्या पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या, पण भाता नाही. आत तारा ताणलेल्या. पट्टी दाबली की आतून लाकडाची एक चपटी काडी वर उडी मारते, आणि त्या काडीला बसवलेला पक्ष्याच्या पिसाचा काटा तारेला छेडून जातो. सतारिये बोटात नखी घालतात ना? इथे प्रत्येक पट्टीला स्वतःची नखी. मात्र या वाद्यात एक मोठी गैरसोय आहे. पट्टी हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. लहान-मोठा करण्याची सोयच नाही. मग वादकानं रंग भरायचा कशानं? बोटांनी. लयीनं, मुरक्यांनी, दाणेदार तानांनी. बुलची बोटं त्यासाठी प्रसिद्ध होती. आजही त्याच्या रचना वाजवायला बसलेले चांगले चांगले वादक घाम पुसताना दिसतात.

आता जीवन. हे मी भरभर सांगतो, कारण मला पुढे जायचंय.

जन्म १५६२ च्या आसपासचा. लहानपणी हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये गाणारा पोरगा. आवाज गोड, म्हणून तिथून त्याला थेट राणीच्या खासगी चॅपलमध्ये आणलं. तिथे जॉन ब्लिथमन नावाच्या ऑर्गनवादकाकडे तालीम. विशीत पुन्हा हेरफर्डला ऑर्गनिस्ट म्हणून नोकरी, मग १५८६ मध्ये परत राणीच्या चॅपलमध्ये, या वेळी पगारी. १५८९ सालचं त्याचं एक चित्र ऑक्सफर्डला आहे. वय सत्तावीस. निमुळती दाढी, आणि शेजारी वाळूचं घड्याळ, घड्याळाच्या डोक्यावर माणसाची कवटी. चौकटीवर चार ओळींचं पद्य आहे, त्याचा मथितार्थ असा की रानात बैल राज्य करतो तो ताकदीच्या जोरावर, आमचा हा बैल लोकांची मनं जिंकतो ती कौशल्याच्या जोरावर. बुल म्हणजे बैल, हे तुम्हाला सांगायला नकोच. सत्ताविसाव्या वर्षी स्वतःच्या चित्रावर असलं पद्य मिरवणारा माणूस विनयासाठी प्रसिद्ध नसावा, हे तेवढ्यावरूनच कळतं.

१५९२ पर्यंत केंब्रिज आणि ऑक्सफर्ड दोन्हीकडची संगीतातली डॉक्टरकी त्याच्या नावावर लागली. म्हणून तो 'डॉक्टर बुल'. ही पदवी लक्षात ठेवा. डॉक्टर बुल. गोष्टीत लागणार आहे.

मग लंडनला ग्रेशम कॉलेज निघालं. तिथला संगीताचा पहिला प्राध्यापक कोण? हाच. खुद्द राणीची शिफारस. नियम असा की व्याख्यान लॅटिनमध्ये द्यायचं आणि इंग्रजीतही द्यायचं. डॉक्टरसाहेबांना लॅटिन येईना! दोन विद्यापीठांचा डॉक्टर, आणि लॅटिन येत नाही. तेव्हा नियमच वाकवला. राणीनं पाठवलेला माणूस आहे, याची व्याख्यानं निव्वळ इंग्रजीत झाली तरी चालतील, असं लेखी ठरलं. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. ज्याला जे येतं ते त्यानं आपल्या भाषेत सांगावं, समोरच्याला कळल्याशी कारण. आपल्याकडे तर संगीताच्या व्याख्यानात अजून निम्मी वाक्यं संस्कृत ग्रंथांची असतात आणि गळा मात्र एकदाही उघडत नाही. ग्रेशमचा नियम बघा : अर्धा तास शास्त्र, अर्धा तास प्रत्यक्ष गाऊन-वाजवून. चारशे वर्षांपूर्वीचा नियम आहे. असो.

प्राध्यापकाला कॉलेजात राहायला खोल्या होत्या. पण ज्याच्या नावानं कॉलेज निघालं त्या ग्रेशमचा सावत्र मुलगा त्या अडवून बसलेला, आणि हलेना. बुलनं काय करावं? गवंडी आणला आणि भिंत फोडायला लावली. झाली फिर्याद. भाडेकरू-मालकांच्या भांडणांवर पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना मी काय सांगणार!

तर असा हा माणूस. बोटं तयार, डोकं तापट, स्वतःवर भलताच विश्वास. आता गोष्ट.

गोष्ट कळण्यासाठी एकच गोष्ट समजून घ्यायची. आपल्या गाण्यात मुख्य चाल एक असते. गवई गातो, पेटी मागून येते, सारंगी सावलीसारखी चालते, पण चाल एक. त्यांच्याकडे त्या काळात एका वेळी अनेक चाली गात. प्रत्येकाची चाल वेगळी, शब्दही कधी मागे-पुढे, तरी सगळ्या एकमेकींशी जुळलेल्या. लग्नघरात माजघरात चार बायका एकाच वेळी बोलत असतात, चौघींचे विषय वेगळे, तरी चौघींना चौघींचं ऐकू येतं आणि कुठेही अडत नाही. तसं. अशा एकेका चालीला आपण पदर म्हणू. चार पदरांचं गाणं, पाच पदरांचं गाणं. मोत्यांच्या सराला पदर असतात तसे. पदर वाढले की अवघड होतं, कारण नवा पदर जुन्या प्रत्येक पदराशी पटला पाहिजे. शिवाय काही कडक नियम : दोन पदर सा-प, सा-प करत जोडीनं चालले तर चूक. दोघांनी एकच सूर धरून बरोबर चालायचं, तेही चूक. प्रत्येकाची वाट वेगळी हवी.

समजलं? पदर जितके जास्त, तितकं अवघड.

तर साल १६०१. डॉक्टर बुल प्रकृतीचं कारण सांगून समुद्रापार गेला. प्रकृतीचं कारण! नोकरदार मंडळींना हे कारण कसं असतं ते ठाऊक आहे. गेला तोही नाव लपवून. फिरत फिरत तो सेंत ओमेर नावाच्या गावी आला. आज ते उत्तर फ्रान्समध्ये आहे, तेव्हा स्पेनच्या ताब्यातल्या मुलखात होतं. तिथल्या कॅथीड्रलमध्ये एक संगीतकार होता, आणि त्याचा लौकिक मोठा. बुल त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, महाराज, मी नवशिका आहे, दूरवरून आलोय, आपल्याकडून दोन गोष्टी शिकाव्यात अशी इच्छा.

दोन विद्यापीठांचा डॉक्टर म्हणतोय, मी नवशिका!

आता गुरुजींना नवशिका मिळाला की गुरुजी काय करतात? शिकवत नाहीत. आधी स्वतःचं वैभव दाखवतात. या गुरुजींनी त्याला कॅथीड्रलला लागून असलेल्या संगीतशाळेत नेलं. कपाट उघडलं असेल, फडकं झटकलं असेल, एक भलाथोरला कागद टेबलावर पसरला असेल. हे 'असेल' माझं, पण तुम्हीही पाहिलेत ना असे गुरुजी? आणि म्हणाले, बघ. हे गाणं चाळीस पदरांचं आहे.

किती? चाळीस.

वर छाती पुढे काढून म्हणाले, या जगात कोणी माईचा लाल असेल तर त्यानं यात आणखी एक पदर घालून दाखवावा. एकच. एक्केचाळिसावा. शक्य नाही. गाणं इतकं भरलेलं आहे की यात सुई शिरायला जागा नाही.

बुलनं कागद पाहिला. काही बोलला नाही. मग म्हणाला, मला दौत-लेखणी मिळेल का? आणि पाच-पाच रेघा ओढलेला कागद? आणि एक विनंती, मला इथे दोन-तीन तास कोंडून ठेवा. बाहेरून कुलूप लावा.

गुरुजी हसले. तुच्छतेनं हसले, असं मूळ गोष्टीतच आहे. कुलूप लावलं आणि गेले.

इथे मी नेहमी जरा थांबतो. कारण आतमध्ये काय झालं ते कोणीच पाहिलं नाही. एक माणूस, एक टेबल, एक पिसाची लेखणी. ज्या पिसानं तो आयुष्यभर तारा छेडत आला तसंच दुसरं पीस. वाद्य नाही. वाजवून बघायची सोय नाही. सगळं मनातल्या मनात ऐकायचं. बाहेर गुरुजी शागिर्दांना सांगत असतील, आलाय एक इंग्रज, जरा वेळानं सोडू त्याला.

दोन तास झाले. की तीन? आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, मी दर वेळी वेळ बदलतो. मी बदलत नाही. मूळ लिहिणाऱ्यानंच 'दोन-तीन तास' लिहून ठेवलंय.

कुलूप उघडलं. गुरुजी आत आले. कागद हातात घेतला. बुलनं पदर घातला होता.

एक नाही. चाळीस.

पुन्हा सांगतो, श्रोतेहो. आव्हान एका पदराचं होतं. त्यानं घातले चाळीस. चाळिसाचं गाणं ऐंशी पदरांचं झालं.

गुरुजींनी कागद वाचला. पुन्हा वाचला. तपासून पाहिला, परत तपासून पाहिला. कुठे सूर सुराला आपटतोय का, कुठे दोन पदर जोडीनं चाललेत का. नाही. कुठेही नाही. तेव्हा गुरुजींचं भान हरपलं आणि ते परमेश्वराची शपथ घेऊन ओरडले : हे चाळीस पदर ज्यानं घातले तो एक तर सैतान असला पाहिजे, नाही तर डॉक्टर बुल!

मग बुलनं आपलं नाव सांगितलं, आणि गुरुजींनी त्याच्यापुढे लोटांगण घातलं.

काय? आवडली की नाही? या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग चाळीस पदरांचा नाही. गुरुजींच्या त्या वाक्याचा आहे. समुद्रापलीकडच्या एका आडगावात, तोंड न पाहिलेल्या माणसाचं नाव त्याच्या कामावरून ओळखलं जातं. आणि हरलेला माणूस कुरकुरत नाही, 'आमच्या घराण्यात हे असं घेत नाहीत' म्हणत नाही. सरळ पायांवर डोकं ठेवतो. इतकी मोकळी दाद मी मैफलीत फार क्वचित ऐकली आहे. हल्ली दाद देतात ती मोबाइलवर व्हिडिओ काढता काढता, एका हातानं.

आता तुमच्यात एखादा गणिताचा मास्तर असेल, तो पुढे सरसावेल. मास्तर, मीही हिशोब केलाय. चाळीस पदरांत एकमेकांशी पटायला हव्यात अशा जोड्या होतात सातशे ऐंशी. ऐंशी पदरांत तीन हजार एकशे साठ. आणि वेळ? तीन तास धरले तरी एका पदराला साडेचार मिनिटं. तेवढ्यात नुसतं उतरवून काढायचं म्हटलं तरी शाई वाळायची नाही.

शिवाय हे लिहून ठेवणारा अँथनी वुड हा ऑक्सफर्डचा माणूस जन्मला १६३२ साली. बुल मेला १६२८ मध्ये. म्हणजे वुडनंही ऐकीवच लिहिलं. आणि ते ऐंशी पदरांचं गाणं आज कुठे आहे? कुठेच नाही. चाळीस पदरांचं मात्र खरंच आहे. थॉमस टॅलिसचं, पाच-पाच गायकांचे आठ समूह. टॅलिस राणीच्या चॅपलमधलाच, बुलच्या तरुणपणीचा बुजुर्ग. तेव्हा चाळीस हा आकडा गोष्टीत कुठून आला असेल, याचा अंदाज तुम्हीही बांधू शकता.

गोष्ट खोटी, म्हणाल? म्हणा. मी सांगायची थांबणार नाही.

निर्माते काचेपलीकडून बोटं दाखवताहेत, तेव्हा आता 'कार्य'.

केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात व्हर्जिनलच्या संगीताची एक जाडजूड हस्तलिखित वही आहे. त्यात २९७ रचना. पहिलंच पान उघडलं की बुल. 'वॉल्सिंगहॅम' नावाच्या एका लोकगीताच्या चालीवर त्यानं तीस वेळा फिरून फिरून रचना केली आहे. चाल तीच, प्रत्येक फेरीत बोटांना नवी परीक्षा. आपल्याकडे एकच मुखडा धरून गवई वीस अंगांनी त्याच्यावर येतो, त्याचा हा दूरचा नातलग म्हणा. दुसरी एक रचना अकरा मात्रांच्या हिशोबावर चालते. अकरा! रुद्र ताल वाजवणारे तबलजी आता कान टवकारतील. त्या काळच्या इंग्लंडात असला हिशोब करणारा हा विरळाच.

पण माझं मन जडलंय ते एका तिसऱ्याच रचनेवर. तिचं नाव 'उत रे मी फा सोल ला'. आपलं सा रे ग म प ध. नी नाही, त्यांच्या जुन्या शिकवणीत सहाच सूर धरत. तर बुलनं काय केलं? हे सहा सूर चढवले, उतरवले. मग पट्टी बदलून पुन्हा चढवले, उतरवले. असं करत करत बाराच्या बारा पट्ट्या फिरून आला. आज पेटीवर कोणीही हे करेल. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, कुठूनही सा धरा. तेव्हा ते शक्य नव्हतं. कारण तेव्हाची वाद्यं अशी लावत की काही पट्ट्यांत सूर मधासारखे गोड, आणि काहींत कुत्रं विव्हळल्यासारखे. बाराही पट्ट्यांत चालवून घ्यायचं तर गोडी थोडी थोडी सगळ्यांतूनच कमी करावी लागते. आपली पेटी तशीच लावलेली असते, म्हणून तर तिच्यावर राग. याच आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षांवर तिला गायनाच्या साथीला बंदी घातली होती, का, तर तिला श्रुती नाहीत. मान्य, नाहीत. पण ज्या पेटीवर अख्खी मराठी रंगभूमी गायली तिला दारात उभं करून ठेवायचं, हे मला अजून पटलेलं नाही, आणि हे मी त्याच आकाशवाणीच्या मायक्रोफोनसमोर बसून म्हणतोय. असो. मुद्दा हा की बुलनं ती रचना नेमकी कशा लावलेल्या वाद्यासाठी केली, यावर विद्वानांचं अजून जमत नाही.

आणि १६१३ च्या सुमारास 'पार्थेनिया' निघालं. व्हर्जिनलसाठी इंग्लंडात छापलेलं पहिलं पुस्तक. रचना एकवीस, रचनाकार तीन : म्हातारा विल्यम बर्ड, तरुण ऑर्लँडो गिबन्स, आणि मधला आमचा बुल. राजकन्येच्या लग्नाच्या निमित्तानं तिला आणि नवरदेवाला अर्पण केलेलं.

त्याच वर्षी डॉक्टरसाहेब पळाले.

हो, पळाले. आधीच १६०७ मध्ये त्यांची प्राध्यापकी गेली होती. ग्रेशमचा प्राध्यापक अविवाहित हवा, आणि यांना घाईनं लग्न करावं लागलं. घाई का, ते विचारू नका. १६१३ मध्ये प्रकरण आणखी पुढे गेलं आणि हे समुद्रापार ब्रसेल्सला. ते स्वतः म्हणत, मी कॅथलिक, म्हणून माझा छळ. कँटरबरीच्या आर्चबिशपनं मात्र लिहून ठेवलं की या माणसात सचोटीपेक्षा संगीत जास्त, आणि ऑर्गन-व्हर्जिनलवर बोटं चालवण्यात याचा जेवढा लौकिक, तेवढाच पोरींची अब्रू घालवण्यात. धर्मगुरू असले तरी टोला झणझणीत आहे. मी या भानगडीत बुलची वकिली करणार नाही. एवढंच म्हणतो की आर्चबिशपलासुद्धा 'संगीत जास्त' हे आधी लिहावं लागलं.

इंग्लंडला तो परत कधीच गेला नाही. १६१७ पासून अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गनिस्ट. अॅमस्टरडॅमचा थोर वादक स्वेलिंक त्याला मानत असे. स्वेलिंक वारल्यावर बुलनं त्याचीच एक सुरावट घेऊन रचना केली. मार्च १६२८ मध्ये बुल गेला, अँटवर्पमध्येच पुरला.

एक मिनिट उरलंय म्हणतात. मग मी गप्प बसतो, तुम्ही त्यालाच ऐका. व्हर्जिनलचा अगदी छोटा तुकडा आहे, नाचाच्या चालीचा, त्या केंब्रिजच्या वहीतला. नावात त्याचं स्वतःचंच नाव आहे : 'डॉक्टर बुल्स मायसेल्फ'. म्हणजे, मी, स्वतः, डॉक्टर बुल.

लावा.